रोटरी विमान इंजिनातील अंतर्ग्रहण रचना

रोटरी विमान इंजिनातील अंतर्ग्रहण रचना म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात वापरात असलेल्या फिरत्या सिलिंडरांच्या विमान इंजिनांमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरांपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था होय. या इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला असे आणि सिलिंडर, क्रँककेस व पंखा हे सर्व त्याच्याभोवती एकत्र फिरत. त्यामुळे मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये आणि तेथून सिलिंडरांत न्यावे लागे. क्रँककेसपासून सिलिंडरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यासाठी तीन प्रमुख पद्धती वापरल्या गेल्या : दट्ट्यातील झडप, सिलिंडराच्या भिंतीतील छिद्रे आणि सिलिंडराच्या शीर्षाकडे जाणाऱ्या बाह्य नळ्या. इंजिनाची शक्ती, आगीचा धोका, इंधनाचा खप आणि वैमानिकाला मिळणारे नियंत्रण या सर्वांवर या निवडीचा थेट परिणाम होत असे.

या लेखातील ‘रोटरी इंजिन’ ही संज्ञा फेलिक्स वांकेल यांच्या त्रिकोणी रोटरच्या इंजिनासाठी नाही. तसेच अरीय अर्थात रेडियल इंजिनापासूनही ते वेगळे आहे. अरीय इंजिनात सिलिंडरांची मांडणी वरवर तशीच चक्राकार दिसते, परंतु सिलिंडर स्थिर असून क्रँकशाफ्ट फिरतो.

पार्श्वभूमी

फिरत्या सिलिंडरांची कल्पना विमानांपेक्षा जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८८९ मध्ये संपीडित हवेवर चालणारे असे इंजिन तयार केले होते. विमानासाठी ही रचना व्यवहारात आणण्याचे श्रेय फ्रान्समधील लुई व लॉरां सेगँ या बंधूंना दिले जाते. त्यांच्या नोम कंपनीचे सात सिलिंडरांचे, ५० अश्वशक्तीचे ‘ओमेगा’ इंजिन १९०८–०९ च्या सुमारास तयार झाले. ऑगस्ट १९०९ मध्ये रँस येथील विमानस्पर्धेत आंरी फार्मां यांनी याच इंजिनाच्या बळावर सर्वाधिक अंतराचे पारितोषिक जिंकले. २८ मार्च १९१० रोजी आंरी फाब्र यांनी स्वशक्तीवर उडणाऱ्या जलविमानाचे पहिले उड्डाण केले, तेही नोम ओमेगा इंजिन वापरूनच.

त्या काळी विमाने मंदगतीची होती आणि पाण्याने थंड होणारी इंजिने जड होती. फिरते सिलिंडर स्वतःच हवा कापत असल्याने ते विमान जमिनीवर उभे असतानाही थंड राहत. फिरणारे वस्तुमान मोठे असल्याने वेगळे जड गतिपालचक्र लागत नसे. वजन कमी करण्यासाठी नोमचे सिलिंडर भरीव निकेल-पोलादातून कातून काढले जात आणि त्यांच्या भिंतीची जाडी केवळ १.५ मिमी ठेवली जाई. या फायद्यांची किंमत मात्र अंतर्ग्रहणाच्या बाजूने मोजावी लागली.

मूळ अडचण

स्थिर इंजिनात कार्ब्युरेटरपासून प्रत्येक सिलिंडरापर्यंत पक्की नळी बसवता येते. रोटरी इंजिनात कार्ब्युरेटर स्थिर आणि सिलिंडर फिरते असल्याने तशी जोडणी शक्य नव्हती. विमानाशी पक्का जोडलेला आणि इंजिनाच्या अंतर्भागात पोहोचणारा भाग एकच होता, तो म्हणजे क्रँकशाफ्ट. म्हणून तो पोकळ करण्यात आला. त्याच्या मागच्या टोकाला कार्ब्युरेटर बसवला जाई आणि मिश्रण शाफ्टमधून क्रँककेसमध्ये उतरे.

या मार्गावर पडणारा भार साध्या हिशेबाने लक्षात येतो. चार धावांच्या आवर्तनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच मिश्रण ओढतो, म्हणजे इंजिन प्रत्येक फेऱ्यात आपल्या एकूण घनक्षमतेच्या निम्मे आकारमान आत घेते. १५.१ लिटर घनक्षमतेचे ल रोन ९जे हे इंजिन मिनिटाला १,२०० फेरे करत असेल, तर सिलिंडर पूर्ण भरण्यासाठी त्याला मिनिटाला सुमारे ९,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १५० लिटर मिश्रण लागेल. हे सर्व एकाच शाफ्टच्या पोकळीतून जावे लागे. शाफ्टचे भोक मोठे केले तर त्याची मजबुती घटे आणि लहान ठेवले तर प्रवाहाला अडथळा वाढे.

क्रँककेसचा एक अनुकूल परिणामही होता. नऊ सिलिंडरांच्या इंजिनात दर ८० अंशांनी एका सिलिंडराची अंतर्ग्रहण धाव सुरू होते आणि ती साधारण १८० अंश चालते. त्यामुळे कोणत्याही क्षणी दोन किंवा तीन सिलिंडर मिश्रण ओढत असतात. क्रँककेस हे त्यांचे सामाईक साठवणपात्र ठरे आणि शाफ्टमधील प्रवाह जवळजवळ अखंड राही. फिरत्या भागांनी घुसळले गेल्याने पेट्रोलचे बाष्पीभवनही चांगले होई. मात्र तेथील उष्णतेने मिश्रण प्रसरण पावे आणि त्याची घनता घटे. परिणामी सिलिंडर आकारमानाने भरला तरी त्यात शिरणाऱ्या हवेचे वस्तुमान कमी पडे.

मिश्रण क्रँककेसमधून जात असल्याने वंगणाची निवडही ठरून गेली. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होते, तर एरंडेल तेल पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. म्हणून रोटरी इंजिनांत एरंडेल वापरले जाई. ते पुन्हा गोळा होत नसे. सिलिंडरांतून जाऊन धुरासोबत बाहेर फेकले जाई.

दट्ट्यातील झडप

नोम ओमेगा आणि त्यानंतरच्या ८० अश्वशक्तीच्या ‘लँब्डा’ या इंजिनांत अंतर्ग्रहण झडप दट्ट्याच्या माथ्यातच बसवलेली होती. सिलिंडराच्या शीर्षात केवळ निष्कास झडप असे. अंतर्ग्रहण धावेत दट्ट्या शाफ्टकडे सरकला की सिलिंडरातील दाब घटे आणि क्रँककेसमधील मिश्रण त्या दाबफरकाने झडप ढकलून आत शिरे. झडप उघडण्यासाठी कॅम किंवा दांडा लागत नसे.

ही झडप बाहेरच्या, म्हणजे सिलिंडर-शीर्षाच्या दिशेने उघडे. तिच्यावरील केंद्रोत्सारी प्रेरणाही त्याच दिशेने असल्याने ती स्वतःहून उघडी पडण्याचा संभव होता. मिनिटाला १,२०० फेऱ्यांना ३० सेंमी त्रिज्येवर निर्माण होणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ४८० पट असते. हा ओढा निष्प्रभ करण्यासाठी झडपेला लहान प्रतिभार जोडले जात. उरलेला नाजूक समतोल स्प्रिंगने साधला जाई.

या रचनेच्या उणिवा तीन होत्या. झडप केवळ दाबफरकाने उघडत असल्याने ती उशिरा उघडे व लवकर मिटे. तिचे आकारमान दट्ट्याच्या माथ्यातील जागेपुरते मर्यादित राही. सर्वांत गंभीर बाब म्हणजे झडप अडकली किंवा मोडली तर पेटते वायू थेट मिश्रणाने भरलेल्या क्रँककेसमध्ये शिरत आणि तेथे आग लागे. शिवाय ज्वालेच्या तोंडी असलेल्या या झडपेची वारंवार तपासणी आवश्यक असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा बराच भाग उकलावा लागे.

सिलिंडर-भिंतीतील छिद्रे : मोनोसूपाप

१९१३ च्या सुमारास नोम कंपनीने दट्ट्यातील झडप पूर्णपणे काढून टाकली. नव्या इंजिनांना ‘मोनोसूपाप’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘एकझडपी’ असे नाव मिळाले. प्रत्येक सिलिंडराला शीर्षातील एकच झडप उरली आणि सिलिंडराच्या तळाकडील भिंतीत छिद्रांचे एक कडे पाडण्यात आले. दट्ट्या धावेच्या आतील टोकाशी आला की ही छिद्रे उघडी पडत आणि सिलिंडर क्रँककेसशी जोडला जाई.

या इंजिनाचे आवर्तन पुढीलप्रमाणे चाले :

* निष्कास धाव संपल्यावरही शीर्षातील झडप उघडीच राही. दट्ट्या आत सरकू लागला की त्याच झडपेतून बाहेरची ताजी हवा सिलिंडरात शिरे.
* धावेच्या मध्यापलीकडे झडप मिटे. दट्ट्या पुढे सरकतच असल्याने सिलिंडरात अंशतः निर्वात निर्माण होई.
* धावेच्या शेवटी छिद्रे उघडी पडताच क्रँककेसमधील अतिशय गडद, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण फार जास्त असलेले मिश्रण वेगाने आत शिरे आणि आधीच्या हवेत मिसळून ज्वलनयोग्य बने.
* दट्ट्या परतताना छिद्रे झाकली जात आणि संपीडन सुरू होई.

या इंजिनाला नेहमीचा कार्ब्युरेटर नव्हता. पोकळ शाफ्टमधून आलेले पेट्रोल तोटीवाटे क्रँककेसमध्ये फवारले जाई. ज्वलनासाठी लागणाऱ्या हवेचा मोठा भाग शीर्षातून येत असल्याने शाफ्टमधील मार्गावरचा ताण हलका झाला. क्रँककेसमधील मिश्रण इतके गडद ठेवले जाई की ते पेट घेऊ शकत नसे. त्यामुळे दट्ट्यातील झडपेच्या रचनेतील आगीचे मुख्य कारण दूर झाले. आत येणाऱ्या थंड हवेने निष्कास झडपही थंड राही.

तोटा शक्तीधावेत होता. छिद्रे प्रत्येक वेळी आतील टोकाशी उघडी पडत, मग ती धाव अंतर्ग्रहणाची असो वा शक्तीची. शक्तीधावेच्या शेवटी सिलिंडरातील दाब जास्त राहिला असता तर तप्त वायू क्रँककेसमध्ये घुसले असते. ते टाळण्यासाठी निष्कास झडप बरीच लवकर उघडून दाब आधीच उतरवावा लागे. परिणामी प्रसरणातून मिळू शकणाऱ्या कार्याचा काही भाग वाया जाई आणि इंधनाचा खप वाढे. तसेच हवा आणि पेट्रोल वेगवेगळ्या वाटांनी येत असल्याने दोन्हींवर एकत्र नियंत्रण ठेवणारी थ्रॉटल बसवणे शक्य नव्हते. शक्ती कमी करायची असल्यास वैमानिक नियंत्रणदांड्यावरील बटन दाबून ठिणगी काही क्षण बंद करी. १६० अश्वशक्तीच्या ९एन या नंतरच्या इंजिनात काही ठिणग्या ठरावीक क्रमाने वगळण्याची सोय होती. मात्र ठिणगी बंद असतानाही पेट्रोल आत येतच राही. ते न जळता बाहेर पडून इंजिनाच्या आवरणात साचे आणि ठिणगी पुन्हा सुरू होताच पेट घेण्याचा धोका असे.

१०० अश्वशक्तीचे मोनोसूपाप इंजिन व्हिकर्स गनबस आणि एअरको डीएच.२ या ब्रिटिश विमानांत, तर १६० अश्वशक्तीचे ९एन इंजिन न्यूपोर २८ या विमानात बसवले गेले.

बाह्य नळ्या : ल रोन, क्लेर्जे आणि बेंटली

तिसऱ्या पद्धतीत क्रँककेसपासून प्रत्येक सिलिंडराच्या शीर्षापर्यंत स्वतंत्र नळी नेली जाई आणि तेथे यांत्रिकरीत्या उघडणारी अंतर्ग्रहण झडप असे. नळ्या सिलिंडरांसोबतच फिरत असल्याने त्यांना सरकता सांधा लागत नसे.

ल रोन इंजिनांच्या तांब्याच्या चकचकीत नळ्या ही त्यांची ठळक ओळख आहे. ८० अश्वशक्तीच्या ९सी इंजिनात त्या सिलिंडरांच्या पुढच्या बाजूस, तर ११० अश्वशक्तीच्या ९जे इंजिनात मागच्या बाजूस असतात. ल रोनच्या प्रत्येक सिलिंडरात दोन्ही झडपा एकाच दांड्याने चालत. दांडा ढकलला की एक झडप उघडे आणि ओढला की दुसरी. यामुळे भाग कमी झाले, परंतु दोन्ही झडपा एकाच वेळी थोड्या उघड्या ठेवणे अशक्य झाले. बाहेर पडणाऱ्या वायूच्या संवेगाचा उपयोग करून ताजे मिश्रण ओढून घेण्याची युक्ती त्यामुळे या इंजिनाला साधता आली नाही.

क्लेर्जे ९बी या १३० अश्वशक्तीच्या इंजिनात दोन झडपांसाठी दोन स्वतंत्र दांडे होते. त्यामुळे प्रत्येक झडपेची वेळ वेगळी ठरवता आली. सॉपविथ कॅमल या विमानात हे इंजिन मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ब्रिटिश नौदलाच्या हवाई सेवेत असलेले डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी याच परंपरेतून बीआर१ आणि पुढे बीआर२ ही इंजिने घडवली. त्यांत ॲल्युमिनियमचे सिलिंडर व आत ओतीव लोखंडाचे अस्तर वापरल्याने उष्णता लवकर बाहेर जाई.

फिरत्या नळ्यांमधील मिश्रणावर केंद्रोत्सारी प्रेरणेचा दाब येतो, त्यामुळे इंजिन आपोआप अतिभारित होते, असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात हा लाभ अल्प आहे. मिनिटाला १,२०० फेऱ्यांना १५ सेंमीपासून ४५ सेंमी त्रिज्येपर्यंत हवा नेल्यास वाढणारा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे १.७ टक्के इतकाच भरतो. शाफ्टमधील अडथळा आणि क्रँककेसमधील उष्णता यांनी होणारी घट भरून काढण्यास तो अपुरा असतो.

हवा व पेट्रोल यांचे नियंत्रण

नळ्यांच्या इंजिनांत थ्रॉटल शक्य होती, परंतु ती आजच्या अर्थाने स्वयंचलित नव्हती. सर्वसाधारणपणे वैमानिकाकडे दोन दांड्या असत. एकीने हवेचा मार्ग कमीजास्त होई आणि दुसरीने पेट्रोलचा प्रवाह सूक्ष्मपणे बदलता येई. हवा कमी केली आणि पेट्रोल तेवढेच राहिले तर मिश्रण गडद होऊन इंजिन गुदमरे. पेट्रोल फार कमी केले तर ते फटकारे मारीत बंद पडे. गुदमरलेले इंजिन पूर्ववत होण्यास काही सेकंद लागत.

उंचीनुसारही हे प्रमाण बदलावे लागे. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते. त्यामुळे तेच पेट्रोल तेथे जास्त ठरते. उड्डाण घेतल्यानंतर लगेच मिश्रण विरळ करणे क्लेर्जे इंजिनाच्या कॅमल विमानात आवश्यक असे. नवशिक्या वैमानिकाकडून हे राहून गेल्यास विमान जमिनीपासून थोड्याच उंचीवर असताना इंजिन बंद पडे. आधीच चालवण्यास कठीण मानल्या गेलेल्या या विमानाच्या प्रशिक्षणातील प्राणघातक अपघातांमागे हे एक कारण होते.

इंजिनांची तुलना

| इंजिन | सिलिंडर | व्यास × धाव (मिमी) | घनक्षमता (लिटर) | शक्ती (अश्वशक्ती) | शेवटचा अंतर्ग्रहण मार्ग |
|---|---|---|---|---|---|
| नोम ओमेगा | ७ | ११० × १२० | ८.० | ५० | दट्ट्यातील झडप |
| नोम मोनोसूपाप बी-२ | ९ | ११० × १५० | १२.८ | १०० | भिंतीतील छिद्रे |
| ल रोन ९जे | ९ | ११२ × १७० | १५.१ | ११० | बाह्य नळ्या |
| क्लेर्जे ९बी | ९ | १२० × १६० | १६.३ | १३० | बाह्य नळ्या |
| बेंटली बीआर२ | ९ | १४० × १८० | २४.९ | २३० | बाह्य नळ्या |

दर लिटरमागे ओमेगाची शक्ती सुमारे ६.३, मोनोसूपापची ७.८, ल रोन ९जेची ७.३, क्लेर्जेची ८.० आणि बीआर२ ची ९.२ अश्वशक्ती होती. त्याच काळातील स्थिर सिलिंडरांच्या व पाण्याने थंड होणाऱ्या मर्सिडीज डी.३ या इंजिनाची शक्ती १४.८ लिटरला १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे १०.८ होती. हिस्पानो-सुइझा ८ए या इंजिनाची ११.८ लिटरला १५० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे जवळपास १२.८ इतकी होती. हा फरक केवळ अंतर्ग्रहणाचा नाही, फेऱ्यांच्या वेगाचा व वायुरोधाचाही त्यात वाटा आहे. तरीही रोटरी इंजिनाची शक्ती प्रामुख्याने घनक्षमता वाढवूनच वाढत गेली, हे या आकड्यांवरून दिसते.

मर्यादा आणि अस्त

कोणत्याही इंजिनाची शक्ती वाढवण्याचे दोन सरळ मार्ग असतात : प्रत्येक धावेत अधिक हवा भरणे किंवा मिनिटाला अधिक धावा करणे. रोटरी इंजिनात पहिला मार्ग शाफ्टच्या पोकळीने आणि क्रँककेसच्या उष्णतेने अडवला होता. दुसरा मार्ग सिलिंडरांच्या वायुरोधाने अडवला. सिलिंडर हवेतून फिरवण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १,२०० वरून १,५०० केल्यास हा व्यय जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय केंद्रोत्सारी ताणही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे बहुतेक रोटरी इंजिने मिनिटाला १,२०० ते १,४०० फेऱ्यांच्या आसपासच थांबली.

जर्मनीतील सीमेन्स-हाल्स्के श.३ या अकरा सिलिंडरांच्या इंजिनाने या कोंडीतून वेगळी वाट काढली. त्यात सिलिंडर व पंखा एका दिशेने मिनिटाला ९००, तर क्रँकशाफ्ट विरुद्ध दिशेने ९०० फेरे करी. दट्ट्यांच्या दृष्टीने वेग १,८०० फेऱ्यांचा होई. हवेला मात्र सिलिंडर ९०० फेऱ्यांनीच कापत. सिलिंडर १,८०० फेऱ्यांनी फिरवले असते तर वायुरोधात जी शक्ती गेली असती, तिच्या सुमारे आठव्या हिश्शात काम भागले. १८.६ लिटर घनक्षमतेचे व १६० अश्वशक्तीचे हे इंजिन १९१८ मध्ये सीमेन्स-शुकर्ट डी.३ व डी.४ या विमानांत वापरले गेले. परंतु त्याची यंत्ररचना गुंतागुंतीची होती आणि लवकरच युद्ध संपले.

युद्धानंतर हवेने थंड होणारी स्थिर अरीय इंजिने पुढे आली. विमानांचा वेग वाढल्याने स्थिर सिलिंडरांनाही पुरेसा वारा मिळू लागला आणि सिलिंडर फिरवण्याचे मूळ प्रयोजनच उरले नाही. सिलिंडर स्थिर झाल्यावर कार्ब्युरेटरपासून झडपेपर्यंत सरळ, रुंद व थंड मार्ग देता आला. खनिज तेल पुन्हा पुन्हा वापरता आले आणि पुढे यांत्रिक अतिभारकही जोडता आला. ॲव्रो ५०४के हे रोटरी इंजिनाचे प्रशिक्षण विमान १९२० च्या दशकात ब्रिटिश हवाई दलात कायम होते. त्याच मालिकेतील ५०४एन या विमानात मात्र रोटरीऐवजी आर्मस्ट्राँग सिडली लिंक्स हे स्थिर अरीय इंजिन बसवण्यात आले.

हे सुद्धा पहा

* अरीय इंजिन
* वांकेल इंजिन
* कार्ब्युरेटर
* अंतर्ज्वलन इंजिन
* सॉपविथ कॅमल